आमदारकीची जागा रिकामी झाली, आता पुढे काय? खानदेशातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

राज्यातल्या २८८ विधानसभा मतदारसंघांची यादी अक्कलकुव्यापासून सुरू होते. पहिला क्रमांक अक्कलकुवा, विसावा मुक्ताईनगर. म्हणजे १ ते २० हे सगळे क्रमांक आपल्या नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांचे. त्यांतली एखादी जागा मुदतीआधी रिकामी झाली की बाजारात, एसटीत, कोर्टाबाहेरच्या टपरीवर एकच विचारणा सुरू होते: कव्हय व्हई पोटनिवडणूक? 'सहा महिन्यांत' हे उत्तर बहुतेकांना पाठ असतं. ते खरं आहे, पण अर्धंच. जागा कशामुळे रिकामी झाली, ते कोणी ठरवलं आणि सभागृह कोणतं, यावर उरलेलं अर्धं उत्तर अवलंबून असतं.

जागा रिकामी झाली असं नेमकं कधी धरतात?

आमदाराचं निधन झालं तर त्याच दिवसापासून. राजीनामा दिला तर मात्र तो दिल्याच्या नव्हे, स्वीकारल्याच्या दिवसापासून. विधानसभेचा राजीनामा अध्यक्षांकडे जातो, विधान परिषदेचा सभापतींकडे. हा राजीनामा स्वखुशीने आणि खरोखर दिलेला आहे ना, याची खात्री त्यांनी करून घ्यायची असते. ही तरतूद १९७४ च्या ३३ व्या घटनादुरुस्तीने आली. आमदारांकडून दबावाने राजीनामे लिहून घेण्याचे प्रकार तेव्हा गाजत होते. त्यामुळे पत्रकार परिषदेत कागद फडकावला म्हणून जागा रिकामी होत नाही. मेळाव्यात कार्यकर्त्यांसमोर 'मी राजीनामा देतो' म्हटल्यानं तर मुळीच नाही.

दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तर शिक्षेच्या दिवसापासून सदस्यत्व जातं. पूर्वी तीन महिन्यांत अपील केलं की आमदारकी वाचायची. ती पळवाट सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस खटल्यात बंद केली. नुसती अटक, आरोपपत्र किंवा तुरुंगातला मुक्काम यांनी जागा रिकामी होत नाही. हे सांगितलं की लोक चिडतात, पण कायदा असाच आहे.

आमचा आमदार महिनोन् महिने दिसत नाही. गैरहजेरीवरून जागा रिकामी होते का?

मतदारसंघात न दिसल्यामुळे होत नाही. त्याचा हिशेब मतदारांनी पुढच्या निवडणुकीत करायचा. सभागृहात परवानगीशिवाय सलग ६० दिवस गैरहजर राहिला तर घटनेच्या १९० व्या अनुच्छेदाप्रमाणे सभागृह ती जागा रिक्त जाहीर करू शकतं. पण अधिवेशन संस्थगित असलेले दिवस त्यात धरत नाहीत, आणि कामकाज सलग चार दिवसांपेक्षा जास्त तहकूब असलेले दिवसही धरत नाहीत. आपल्याकडे एक अधिवेशन किती दिवस चालतं ते आठवा, म्हणजे ६० चा आकडा गाठणं किती अवघड आहे ते लक्षात येईल. शिवाय सभागृह 'करू शकतं' असा शब्दप्रयोग आहे, 'करेलच' असा नाही.

पक्ष बदलला की जागा आपोआप जाते ना?

आपोआप नाही. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आलं. त्याप्रमाणे अपात्रतेचा निर्णय विधानसभेचे अध्यक्ष देतात, आणि तो येईपर्यंत आमदार आमदारच राहतो. २०२२ च्या शिवसेना फुटीत अपात्रतेच्या पहिल्या यादीत जी १६ नावं होती, त्यांत चोपड्याच्या लता सोनवणे आणि एरंडोलचे चिमणराव पाटील हे दोघे आपल्याकडचे. निर्णय आला १० जानेवारी २०२४ रोजी, आणि कोणीच अपात्र ठरलं नाही. तो बरोबर की चूक यावर वाद घालायला वेळ भरपूर आहे. पोटनिवडणुकीपुरता मुद्दा एवढाच की दीड वर्ष चोपड्यात आणि एरंडोलला लोक 'आता निवडणूक लागणार' म्हणत होते आणि कायद्याच्या लेखी जागा एक दिवसही रिकामी नव्हती.

दहाव्या परिशिष्टाबाहेरची अपात्रता, म्हणजे लाभाचं पद वगैरे, राज्यपाल ठरवतात. त्याआधी त्यांनी निवडणूक आयोगाचं मत घ्यायचं असतं आणि त्या मताप्रमाणेच निर्णय द्यायचा असतो.

आमदार खासदार झाला तर?

तर १४ दिवसांत आमदारकी सोडावी लागते. सोडली नाही तर आमदारकी राहते आणि खासदारकी जाते. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं.

आपल्याकडचं उदाहरण उन्मेश पाटील यांचं. २०१४ ला ते चाळीसगावचे आमदार झाले, मे २०१९ मध्ये जळगावचे खासदार. चाळीसगावची पोटनिवडणूक मात्र झाली नाही, कारण ऑक्टोबरमध्ये विधानसभेचीच निवडणूक होती. तिथून पुढच्या प्रश्नाकडे वळू, कारण सगळी गुंतागुंत तिथेच आहे.

सहा महिन्यांचा नियम आहे, मग काही जागा वर्षभर रिकाम्या कशा राहतात?

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा. त्याच्या कलम १५० मध्ये विधानसभेची आणि १५१ मध्ये विधान परिषदेची मधेच रिकामी झालेली जागा भरण्याची तरतूद आहे. पण कधीपर्यंत भरायची, याला मर्यादा नव्हती. ती १९९६ च्या दुरुस्तीने कलम १५१-अ म्हणून आली: जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची. याला अपवाद दोन. सदस्याची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर ही मर्यादा लागू नाही. आणि या काळात निवडणूक घेणं अवघड आहे असं आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केलं, तरीही नाही.

आता 'उरलेली मुदत' कुठून मोजायची? जागा रिकामी झाली त्या दिवसापासून, की नवा माणूस निवडून येईल त्या दिवसापासून? अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा यांचं ३ नोव्हेंबर २०२३ रोजी निधन झालं. त्या विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ पर्यंत होती. म्हणजे निधनाच्या दिवशी वर्षाला वर तीन आठवडे शिल्लक होते. आयोगाने लोकसभेबरोबर २६ एप्रिल २०२४ ला मतदान जाहीर केलं. निकाल ४ जूनला, म्हणजे निवडून येणाऱ्याच्या वाट्याला सहा महिनेसुद्धा नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ही पोटनिवडणूक मार्च २०२४ मध्ये रद्द ठरवली. नव्या सदस्याला वर्षापेक्षा कमी काळ मिळतो, हाच आधार होता.

त्याच वेळी हरियाणात उलटं घडलं. मनोहरलाल खट्टर यांनी १३ मार्च २०२४ ला करनालची जागा सोडली. तिथल्या विधानसभेचे आठ महिनेही उरले नव्हते. तरी पोटनिवडणूक झाली, उच्च न्यायालयाने तिच्याविरुद्धची याचिका फेटाळली आणि नवे मुख्यमंत्री नायबसिंह सैनी तिथून निवडून आले. आमदार नसलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांत सभागृहात यावंच लागतं, हे त्यामागचं कारण.

माझं मत विचाराल तर कलम १५१-अ नीट वाचलं की त्यात मनाई कुठेच नाही, मुभा आहे. वर्षापेक्षा कमी काळ उरला असेल तर सहा महिन्यांची सक्ती नाही, इतकंच ते म्हणतं. पण व्यवहारात आयोग अशा जागा सोडूनच देतो. सुनील केदार यांना २२ डिसेंबर २०२३ ला शिक्षा झाल्यावर सावनेर रिकामं झालं आणि पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामंच राहिलं. जून २०२४ मध्ये सात आमदार खासदार झाले, त्यांच्या जागांचंही तेच.

सध्याच्या विधानसभेची पहिली बैठक ७ डिसेंबर २०२४ ला झाली. पाच वर्षं निकालापासून नाही, पहिल्या बैठकीपासून मोजतात. तेव्हा २०२८ चा डिसेंबर उलटल्यावर खानदेशातली एखादी जागा रिकामी झालीच, तर पोटनिवडणुकीची आशा धरू नका.

रिकामी जागा दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला का देत नाहीत? खर्च वाचेल.

कारण मतदारांनी त्याला नाकारलेलं असतं. एकच वाट आहे. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करायची आणि विजयी उमेदवाराची निवड रद्द करा, शिवाय मलाच निवडून आलेला घोषित करा, अशा दोन्ही मागण्या करायच्या. न्यायालयाला पटलं तर पोटनिवडणुकीशिवाय माणूस बदलतो. आपले तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाखाली येतात.

राखीव मतदारसंघात पोटनिवडणुकीला आरक्षण राहतं का?

राहतं. कलम १५० मध्येच तसं लिहिलेलं आहे. खानदेशासाठी हा प्रश्न छोटा नाही, कारण आपल्या २० पैकी ८ जागा राखीव आहेत: नंदुरबार जिल्ह्यातल्या चारही, शिवाय साक्री, शिरपूर आणि चोपडा या अनुसूचित जमातींसाठी, आणि भुसावळ अनुसूचित जातींसाठी. ग्रामपंचायतीसारखी इथे दर पाच वर्षांनी सोडत निघत नाही. मतदारसंघांची पुनर्रचना होईल तेव्हाच आरक्षण बदलतं. शिरपूरकरांना हे सांगायला नको. १९९० पासून अमरीश पटेल तिथले आमदार होते, २००८ च्या पुनर्रचनेत शिरपूर राखीव झालं आणि २००९ पासून ते विधान परिषदेच्या वाटेने गेले.

उमेदवार त्याच तालुक्याचा हवा असंही नाही. राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलेला आणि त्या प्रवर्गातला माणूस चालतो. वय किमान २५. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००.

विधान परिषदेची जागा कशी भरतात? तिथे तर आम्ही मतदानच करत नाही.

काही जण करतात. ७८ जागांपैकी ३० आमदार निवडतात, २२ स्थानिक संस्थांचे सदस्य, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ राज्यपाल नेमतात. पदवीधर आणि शिक्षकांसाठी आपण नाशिक विभागात आहोत. जी जागा ज्या गटाची, ती मधेच रिकामी झाली तर त्याच गटाने भरायची.

आमदारांच्या कोट्यातलं अलीकडचं एक उदाहरण पूर्णपणे नंदुरबारचं आहे. आमश्या पाडवी जून २०२२ मध्ये परिषदेवर गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अक्कलकुव्यातून विधानसभेवर निवडून आले. दोन्ही सभागृहांत एकाच वेळी बसता येत नाही, म्हणून परिषदेची जागा सुटली. तशा पाच जागा होत्या आणि मतदान २७ मार्च २०२५ ला ठरलं होतं. मतदानाची वेळच आली नाही, पाचही जण बिनविरोध. पाडवींच्या जागी चंद्रकांत रघुवंशी. नंदुरबार जिल्ह्याची जागा जिल्ह्यातच राहिली, पण हे कायद्याने नाही, पक्षाच्या हिशेबाने झालं.

इथे एक बारकावा आहे. परिषदेच्या नेहमीच्या द्वैवार्षिक निवडणुकीत पसंतीक्रमाची मतं असतात, त्यामुळे विरोधकांच्याही वाट्याला एखाद-दुसरी जागा येते. मुदती वेगवेगळ्या असलेल्या रिक्त जागांची पोटनिवडणूक मात्र प्रत्येक जागेची स्वतंत्र होते. एकाच जागेला निम्म्याहून जास्त मतं लागत असतील तर ती बहुमतवाल्यांचीच.

धुळे-नंदुरबारची २०२० ची पोटनिवडणूक इतकी लांबली कशी?

स्थानिक संस्थांच्या मतदारसंघातून काँग्रेसतर्फे निवडून आलेल्या अमरीश पटेल यांनी २०१९ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर राजीनामा दिला आणि ते भाजपमध्ये गेले. मतदान ३० मार्च २०२० ला ठरलं होतं. मार्चमध्ये कोरोना आला आणि टाळेबंदी लागली. आयोगाने निवडणूक पुढे ढकलली आणि ती झाली १ डिसेंबर २०२० ला. सहा महिन्यांची मर्यादा केव्हाच मागे पडली होती. पटेल भाजपचे उमेदवार म्हणून ३३२ विरुद्ध ९८ अशा फरकाने निवडून आले.

गंमत पुढे आहे. पोटनिवडणुकीत निवडून येणाऱ्याला फक्त उरलेली मुदत मिळते. ती १ जानेवारी २०२२ ला संपत होती. म्हणजे इतका खटाटोप तेरा महिन्यांसाठी, आणि २०२१ च्या अखेरीस पुन्हा निवडणूक! त्या वेळी ते बिनविरोध आले.

मग जळगावची स्थानिक संस्थांची जागा २०२२ पासून का लटकली?

ती पोटनिवडणुकीची जागा नव्हती, म्हणून सहा महिन्यांचा नियमही तिला लागू नव्हता. चंदुलाल पटेल यांची सहा वर्षांची मुदत ५ डिसेंबर २०२२ ला संपली. निवडणूक घ्यायची तर मतदार हवेत, आणि मतदार म्हणजे जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समिती सभापती, नगरसेवक. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, स्थानिक निवडणुका थांबल्या आणि जिल्हा परिषदेवर, नगरपालिकांवर प्रशासक बसले. आयोगाचा निकष असा की मतदारसंघातल्या किमान ७५ टक्के संस्था कार्यरत आणि किमान ७५ टक्के मतदार उपलब्ध हवेत. जळगावात तेव्हा मतदारच उरले नव्हते. असंच पुणे, नांदेड, यवतमाळ, सांगली-सातारा आणि भंडारा-गोंदियाचं. गावपातळीवरची निवडणूक थांबवली तर थेट मुंबईतल्या वरिष्ठ सभागृहात खुर्ची रिकामी पडते, हे त्या काळात पहिल्यांदाच पुष्कळांच्या ध्यानात आलं.

राज्यपालनियुक्त जागांना मुदत असते का?

नाही. कलम १५१ निवडून आलेल्या सदस्यांपुरतंच आहे. जून २०२० मध्ये बारा जागा रिकाम्या झाल्या. महाविकास आघाडी सरकारने त्याच वर्षी नोव्हेंबरात बारा नावं राजभवनावर पाठवली. त्यांत खानदेशातले दोघे होते, एकनाथ खडसे आणि चंद्रकांत रघुवंशी. राज्यपालांनी ना हो म्हटलं ना नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने वाजवी वेळेत निर्णय घेणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे असं सांगितलं, तरी काही हललं नाही. सरकार बदलल्यावर २०२२ मध्ये ती यादीच मागे घेतली गेली. अखेर १५ ऑक्टोबर २०२४ ला सात जणांचा शपथविधी झाला, विधानसभेची आचारसंहिता लागायच्या दिवशीच. चार वर्षांत बारापैकी एकही जागा न भरणं हे कोणत्याही बाजूचं असलं तरी अक्षम्य आहे, असं माझं स्पष्ट मत. खडसे आणि रघुवंशी दोघेही पुढे आमदारांच्या मतांवर परिषदेत पोहोचले, तो भाग वेगळा.

पोटनिवडणूक लागली की आचारसंहिता किती भागात?

मतदारसंघ महानगरपालिकेच्या हद्दीत असेल तर त्या मतदारसंघापुरती, इतर ठिकाणी पूर्ण जिल्ह्यात. म्हणजे जळगाव शहरात पोटनिवडणूक असेल तर चोपड्याचा ठेकेदार निवांत, पण जामनेरला असेल तर रावेरपासून चाळीसगावपर्यंत सगळ्यांची नवी भूमिपूजनं थांबतात. आधीपासून प्रत्यक्ष सुरू असलेली कामं थांबत नाहीत. 'आचारसंहिता आहे' असं सांगून एखादा दाखला अडवून ठेवणारा कारकून भेटला, तर त्याला लेखी मागा.

मी सुरतेला कामाला आहे. मतदानाला सुट्टी मिळेल का? आणि नाव आत्ता नोंदवता येईल का?

कलम १३५-ब प्रमाणे विधानसभेच्या मतदानाला भरपगारी सुट्टी आहे, पोटनिवडणुकीलाही. मतदारसंघाबाहेर काम करणाऱ्या मतदारालाही ती मिळते, असं आयोग दर वेळी कळवतो. उधना-लिंबायतच्या कारखान्यांत ती प्रत्यक्ष मिळवायची तर मतदार ओळखपत्राची प्रत आणि कार्यक्रमाची बातमी आधीच मालकाकडे देऊन ठेवा.

नाव नोंदवायला नमुना ६. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादी त्या निवडणुकीपुरती बंद होते, त्यामुळे कार्यक्रम जाहीर होण्याची वाट पाहू नका. अधिसूचनेनंतर अर्जांना सातच दिवस असतात. मग दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांत माघार, आणि माघारीनंतर किमान चौदा दिवसांनी मतदान.

निधन झालेल्या आमदाराच्या घरातला उमेदवार नेहमी जिंकतो का?

नाही. अंधेरी पूर्वमध्ये २०२२ ला दिवंगत आमदार रमेश लटके यांच्या पत्नी ऋतुजा लटके जिंकल्या, कारण भाजपने उमेदवारच मागे घेतला. तिथे दुसऱ्या क्रमांकावर 'नोटा' राहिलं. २०२१ ला पंढरपुरात भारत भालके यांचे पुत्र भगीरथ हरले. कसबा पेठेत २०२३ ला भाजपने दिवंगत आमदार मुक्ता टिळक यांच्या घरात तिकीट दिलं नाही आणि जागा गमावली. सहानुभूती असते, पण ती मोजून कोणी देत नाही. आपल्याकडच्या जुन्या कार्यकर्त्यांना पोटनिवडणूक म्हटलं की माणिकराव गावित आठवतात. १९८१ साली नंदुरबार लोकसभेच्या पोटनिवडणुकीतून ते दिल्लीला गेले, ते निधनाच्या लाटेवर नव्हे, आणि पुढे एकूण नऊ वेळा खासदार झाले.

ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषदेच्या रिक्त जागेला हेच नियम?

नाही. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांचे कायदे वेगळे आहेत. तहसील कचेरीतली निवडणूक शाखा बहुतेकदा एकच असते, म्हणून गल्लत होते. अर्ज देताना कोणत्या आयोगाचा ते विचारून घ्या.